कमिशन शून्य, मग दुकान चालतं कशावर?

परकीय चलन विकणाऱ्या काउंटरांवर एक पाटी हमखास दिसते: ‘कमिशन शून्य’. ही पाटी सहसा खोटी नसते. दुकानदार कमिशन म्हणून खरोखरच एक रुपयाही लावत नाही. तरी दुकानाचं भाडं निघतं, नोकरांचे पगार होतात आणि मालकाला नफाही सुटतो. हा पैसा येतो दरातून. बाजारात डॉलर ज्या भावाने मिळतो त्याहून दोन-तीन रुपये चढ्या भावाने तो गिऱ्हाइकाला विकला, की कमिशन मागायची गरजच उरत नाही. सराफाने ‘घडणावळ माफ’ म्हणायचं आणि तोळ्याचा भाव मात्र स्वतःच ठरवायचा, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की सोन्याचा त्या दिवशीचा भाव पाहून आपण पेढीवर जातो आणि डॉलरचा, बाथचा किंवा दिरहॅमचा भाव न पाहताच काउंटरसमोर उभे राहतो. परदेशी निघालेला माणूस शुल्क वाचवण्याच्या मागे लागतो. त्याचे खरे पैसे जातात ते दरातल्या फरकात. हा फरक पावतीवर वेगळा छापलेला नसतो, पण तो मोजता येतो, आणि त्यासाठी शाळेतली टक्केवारी पुरते.

मोजायचा कशाच्या तुलनेत? बँका एकमेकींशी मोठ्या रकमांचे व्यवहार करतात तेव्हा खरेदीचा आणि विक्रीचा भाव अगदी जवळजवळ असतो. त्या दोहोंच्या मधला आकडा म्हणजे मध्यदर. फोनवर ‘डॉलर रुपया’ असं शोधलं की जो आकडा दिसतो तो साधारण हाच. अधिकृत आकडा हवा असेल तर फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया लिमिटेड ही संस्था डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचा संदर्भ दर कामकाजाच्या दिवशी जाहीर करते. जुलै २०१८पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करत असे. आता हिशेबाच्या सोयीसाठी समजा, मध्यदर डॉलरला ९० रुपये आहे. एका काउंटरवर कमिशन शून्य आणि भाव ९२.७० रुपये. दुसऱ्या काउंटरवर भाव ९०.९० रुपये, पण वर अडीचशे रुपये सेवाशुल्क. दोन लाख रुपये दिले तर पहिल्याकडे सुमारे २,१५७ डॉलर मिळतात, दुसऱ्याकडे शुल्क भरूनही सुमारे २,१९७. म्हणजे अडीचशे रुपये वाचवण्याच्या नादात चाळीस डॉलर, अर्थात छत्तीसशे रुपये गेले. म्हणून ‘कमिशन किती?’ हा प्रश्न विचारून काहीच कळत नाही. ‘सगळं धरून दोन लाखांचे माझ्या हातात किती डॉलर पडतील?’ हे विचारावं. या प्रश्नाला एकाच आकड्याचं उत्तर असतं आणि त्यात काही लपवता येत नाही.

दुकानदाराची बाजूही ऐकायला हवी, कारण नोटांचा व्यापार फुकटात होत नाही. परकीय नोटा आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो, तिजोरीत पडून राहिलेल्या नोटांवर व्याज मिळत नाही, बनावट नोटेची जोखीम असते आणि दर खाली आला तर साठ्यावर नुकसान सोसावं लागतं. म्हणूनच बँकांच्या रोजच्या दरपत्रकात एकाच चलनाला अनेक भाव असतात. स्टेट बँकेचं दरपत्रक सर्वांना पाहायला खुलं आहे. त्यात खात्यातून परदेशी पैसे पाठवण्याचा भाव एक, प्रवासी कार्डाचा दुसरा आणि नोटांचा तिसरा असतो. त्यात नोटा विकण्याचा भाव खात्यातून पैसे पाठवण्याच्या भावापेक्षा महाग असतो. हे समजण्यासारखं आहे. प्रश्न फक्त प्रमाणाचा. डॉलर आणि युरो यांच्या नोटांची उलाढाल प्रचंड, त्यामुळे त्यांच्यावर एक-दीड टक्का फरक पुरतो. व्हिएतनामी डाँग किंवा जॉर्जियाचा लारी क्वचितच खपतो, म्हणून त्यावर दुकानदार भरपूर राखून ठेवतो. विमानतळावर मात्र नोटांच्या वाहतुकीपेक्षा वेगळं कारण काम करतं. तिथल्या गाळ्याचं भाडं जबर असतं आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाला दुसरं दुकान शोधायला वेळ नसतो. एकाच कंपनीची एक शाखा शहरात आणि दुसरी विमानतळावर असली, तर त्याच दिवशी त्याच डॉलरचे भाव तिथे वेगळे असू शकतात. तोच माणूस ऑनलाइन नोंदणी करून आला तर भाव आणखी बदलतो. अडलेल्याकडून जास्त घ्यायचं, हे व्यापाराचं जुनंच गणित आहे.

दरातला हा फरक उघडा पाडणारी एक नामी युक्ती दुबईला जाणाऱ्यांच्या हाताशी आहे. संयुक्त अरब अमिरातीने १९९७पासून आपला दिरहॅम डॉलरशी घट्ट बांधला आहे: एका डॉलरला ३.६७२५ दिरहॅम. सौदी रियाल १९८६पासून ३.७५वर आहे, कतारी रियाल ३.६४वर. हे प्रमाण रोज बदलत नाही. तेव्हा डॉलरचा मध्यदर ९० असेल तर दिरहॅमची किंमत ९० भागिले ३.६७२५, म्हणजे साडेचोवीस रुपये, इथे वादाला जागाच नाही. काउंटरवर दिरहॅम साडेपंचवीसला विकला जात असेल तर त्याने चार टक्के ठेवून घेतले. तोच काउंटर डॉलर ९१ला देत असेल, तर डॉलर विकताना त्याला एक टक्का पुरतो आणि दिरहॅम विकताना चार टक्के लागतात. मध्ये चलनाचा चढ-उतार नाही की बाजाराची अनिश्चितता नाही. उरतं ते एवढंच, की दिरहॅम घेणारं गिऱ्हाईक भाव पडताळत नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक आहे. उमरा किंवा हजला निघालेल्यांनी रियालचा हिशेब असाच करून पाहावा. भागाकार एकच करायचा आहे. नेपाळला जाणाऱ्याला तर एवढेही कष्ट नाहीत: शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये, हे प्रमाण १९९३पासून ठरलेलं आहे.

थायलंडचा बाथ असा बांधलेला नाही, म्हणून तिथे गणित थोडं वेगळं बसतं. मुंबई-पुण्यात रुपये देऊन थेट बाथ घेतले, तर दुकानदार अनेकदा पाच-सहा टक्क्यांपर्यंत फरक लावतो. त्याऐवजी इथे डॉलर घ्यायचे आणि बँकॉकच्या शहरी भागात ते बाथमध्ये बदलायचे, तर दोनदा बदल करूनही एकूण फरक दोन-अडीच टक्क्यांत बसू शकतो, कारण बँकॉकच्या चलन दुकानांत डॉलरसाठी जबरदस्त चुरस असते. दोनदा बदलणं महाग आणि एकदा बदलणं स्वस्त, असा आपला सरसकट समज असतो. तो चुकीचा आहे. किती वेळा बदललं यापेक्षा दर खेपेला किती टक्के गेले ते महत्त्वाचं. मात्र या वाटेने जायचं तर शंभर किंवा पन्नास डॉलरच्या कोऱ्या नोटा न्याव्यात. थायलंडमध्ये मोठ्या नोटेला चांगला भाव आणि एक-पाच-दहा डॉलरच्या नोटांना कमी भाव असे वेगळे फलक लावलेले असतात, आणि घडी पडलेली, शाई लागलेली नोट परत हातात ठेवली जाते. सिंगापूरमध्ये सय्यद अल्वी रोडवरच्या मुस्तफा सेंटरमध्ये आणि आजूबाजूला भारतीय रुपयांनाही बरा भाव मिळतो, कारण तिथे रुपयांचं येणं-जाणं भरपूर आहे. ज्या चलनाचा जिथे राबता, तिथे त्याचा भाव चांगला. हे एक सूत्र ध्यानात ठेवलं तर अनोळखी शहरातही फार फसगत होत नाही. रुपये बाहेर नेताना मात्र माणशी पंचवीस हजारांची मर्यादा पाळावी लागते.

मग एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसांच्या नजरेतून का निसटते? मला वाटतं, याला थोडा इतिहासही कारणीभूत आहे. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या भारतीयाच्या हाती जेमतेम आठ डॉलर पडत. १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, जास्तीचं चलन बाळगणं हा गुन्हाच ठरवला होता. चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला तो ऑगस्ट १९९४मध्ये, ‘फेरा’ जाऊन ‘फेमा’ अमलात आला जून २००० मध्ये, आणि परदेशी पैसे पाठवू देणारी उदारीकृत प्रेषण योजना २००४ साली निघाली तेव्हा तिची मर्यादा वर्षाला पंचवीस हजार डॉलर होती. आज ती अडीच लाख डॉलर आहे. दोन पिढ्यांना डॉलर मिळाला हेच भाग्य वाटायचं, त्यांनी भावाची घासाघीस काय करायची? टंचाई संपून तीस वर्षं झाली, तरी भाजीच्या जुडीवर दोन रुपये कमी करून घेणारी आपली माणसं परकीय चलनाच्या खिडकीपुढे गुपचूप सांगतील ती रक्कम मोजतात. अर्थात हा दोष एकट्या भारतीयांचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने २०१९मध्ये चलन बदलण्याच्या सेवांची चौकशी केली, तेव्हा आढळलं की चार मोठ्या बँकांमार्फत डॉलर आणि पौंड परदेशी पाठवणाऱ्या ग्राहकांनी स्वस्त पर्याय निवडला असता, तर २०१७-१८ या एका वर्षात मिळून सुमारे पंधरा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर वाचले असते. तिथेही लोक शुल्काचा आकडा पाहत होते आणि पैसे दरातून जात होते.

नोटांचं हे झालं, कार्डाचं काय? कार्ड वापरलं तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड आपला रोजचा दर लावतात, आणि हा दर मध्यदराच्या खूप जवळ असतो. दोघांच्या संकेतस्थळांवर तारीख टाकून तो पाहता येतो. महाग पडतो तो भारतातल्या बँकेचा मार्कअप, म्हणजे दरावर चढवलेली टक्केवारी. बहुतेक क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. लाखभर रुपये खर्च केले तर चार हजार एकशे तीस रुपये नुसते यात गेले. नोटांच्या दुकानदाराला तिजोरी, विमा, वाहतूक हे खर्च होते. इथे तर संगणकातली एक नोंद इकडून तिकडे गेली. बँकेला कार्ड नेटवर्कला काही रक्कम द्यावी लागते हे खरं, पण काही बँका दोन टक्के मार्कअपची किंवा अजिबात मार्कअप नसलेली कार्डं विकतात आणि तरीही त्यांचा धंदा चालतो. तेव्हा साडेतीन टक्के हा खर्चाचा आकडा नसून सवयीचा आकडा आहे, असं म्हणायला हरकत नाही. अशी बिनमार्कअपची कार्डंही डोळे उघडे ठेवून घ्यावीत: कुठे वार्षिक शुल्क असतं, कुठे खात्यात मोठी शिल्लक ठेवावी लागते. वर्षातून एकदाच आठवडाभर परदेशी जाणाऱ्याने दोन हजारांचं वार्षिक शुल्क भरून पंधराशे वाचवण्यात अर्थ नाही.

प्रवासी कार्ड, म्हणजे आधीच चलन भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड, याच्या जाहिरातीत ‘शून्य मार्कअप’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. इथेही पहिल्या पाटीचाच खेळ आहे. कार्ड वापरताना मार्कअप नसतो, पण कार्डात डॉलर भरताना जो भाव लावला जातो त्यात बँकेचा हिस्सा असतोच. शिवाय कार्डात डॉलर आहेत आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकमध्ये पैसे दिले, तर चलन बदलण्याचं शुल्क पुन्हा लागतं, आणि अनेक कार्डांवर तेही साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं. उरलेले पैसे परत घेताना बँकेचा खरेदीचा, म्हणजे आपल्या दृष्टीने पडेल भाव. या कार्डाच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं, की दर आज पक्का होतो, उद्या रुपया घसरला तरी चिंता नाही. यात तथ्य आहे, पण ते मुदतीवर अवलंबून आहे. डिसेंबर २०२५मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली, त्याआधी दीड-दोन वर्षांपूर्वी तो त्र्याऐंशीच्या आसपास होता. मुलगी दोन वर्षं शिकायला जाणार असेल, तर एवढ्या काळातली घसरण मार्कअपपेक्षा मोठी असू शकते आणि टप्प्याटप्प्याने चलन घेऊन ठेवण्यात शहाणपण आहे. दहा दिवसांच्या सहलीत मात्र रुपया चार टक्के घसरण्याची शक्यता थोडी, तो किंचित वधारण्याचीही शक्यता, आणि मार्कअपचे चार टक्के मात्र नक्की जाणारे. नक्की नुकसान टाळायचं, की कदाचित होणाऱ्या नुकसानाचा विमा काढायचा? छोट्या प्रवासाला पहिलं जास्त फायद्याचं.

आता सर्वांत चलाख प्रकाराकडे वळू. पॅरिसच्या उपाहारगृहात पन्नास युरोचं बिल झालं, वेटरने यंत्र पुढे केलं, कार्ड लावलं, आणि पडद्यावर प्रश्न आला: युरोमध्ये देणार की रुपयांमध्ये? समोर रुपयांचा आकडा स्पष्ट दिसतो, आपलं चलन ओळखीचं, म्हणून बोट आपसूक रुपयांवर जातं. त्या क्षणी दर ठरवण्याचा हक्क आपण दुकानदाराच्या बँकेला देऊन टाकतो, आणि तो दर व्हिसा-मास्टरकार्डच्या दरापेक्षा बराच महाग असतो. युरोचा मध्यदर १०५ रुपये धरला तर पन्नास युरो म्हणजे ५,२५०. सहा टक्के चढवले की ५,५६५. युरोपीय संघाने तर आपल्या सदस्य देशांमधल्या व्यवहारांसाठी एप्रिल २०२०पासून असा नियमच केला, की रूपांतर देऊ करणाऱ्याने त्याचा दर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के महाग आहे ते गिऱ्हाइकाला आधी दाखवावं. दरातला फरक हीच खरी किंमत आहे, हे तिथे कायद्याने मान्य केलं आहे. यावर एक चतुर आक्षेप घेता येतो: माझ्या कार्डाचा मार्कअप तसाही ४.१३ टक्के, मग यंत्राने चार टक्क्यांत रुपये लावले तर बिघडलं काय? बिघडतं असं, की परदेशातल्या दुकानात रुपयांत व्यवहार केला तरी अनेक भारतीय बँका त्यावर एक टक्का किंवा त्याहून जास्त शुल्क आणि त्यावर जीएसटी लावतात. म्हणजे दोन्हीकडून कात्री. शिवाय यंत्राचा टक्का चार आहे की आठ, हे रांगेत उभं राहून कोण मोजणार? तेव्हा परदेशात कार्ड लावताना नेहमी तिथलंच चलन निवडावं. हॉटेलवाल्याने न विचारताच रुपये निवडले तर तो व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगण्यात कसलाही संकोच नको. परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावर इथे बसून खोली आरक्षित करतानाही हाच प्रश्न येतो, तेव्हाही उत्तर हेच.

एटीएमवर हा प्रश्न आणखी बेमालूम वेशात येतो. ‘रूपांतर नाकारले’ असं बटण दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत, अशी धास्ती वाटावी अशी पडद्याची रचना असते. पैसे मिळतात, फक्त दर आपल्या कार्डाचा लागतो. एटीएमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट खरोखरच शुल्काची आहे, आणि इथे माझाच मुद्दा थोडा उलटतो. थायलंडमधल्या बँका परदेशी कार्डावर प्रत्येक खेपेला सुमारे २२० बाथ घेतात. दोन हजार बाथ काढले तर हे अकरा टक्के झाले, वीस हजार काढले तर सव्वा टक्क्याच्याही आत. ठरावीक शुल्क छोट्या रकमेला मारतं, दरातला फरक मोठ्या रकमेला. म्हणून एटीएममधून क्वचित आणि एकदम काढावेत, रोज थोडे थोडे नव्हेत. आणि ते डेबिट कार्डाने. क्रेडिट कार्डावर रोख काढली की मार्कअपच्या जोडीला साधारण अडीच टक्के रोखशुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज, असा तिहेरी भुर्दंड बसतो. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करायला विसरू नये. २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवीन कार्डावर ते बंदच असतात.

या सगळ्यावर सर्वांत सरळ आक्षेप असा, की तीन-चार लाखांच्या सहलीत आठ-दहा हजारांसाठी इतकी डोकेफोड कशाला? ज्याला परवडतं त्याने खुशाल करू नये. पण याच माणसाने विमानाच्या तिकिटात दोन हजार वाचावेत म्हणून तीन आठवडे संकेतस्थळं पालथी घातलेली असतात, रात्री अडीचचं उड्डाण पत्करलेलं असतं. त्या मानाने दराची चौकशी ही दोन फोन आणि एका भागाकाराची गोष्ट आहे. दुसरे म्हणतात, आम्ही सहल कंपनीबरोबर जातो, आम्हाला चलनाशी काय करायचं? महाराष्ट्रातला मोठा प्रवासीवर्ग असाच जातो, म्हणून त्यांनी माहितीपत्रक नीट वाचावं. युरोप-अमेरिकेच्या सहलींची किंमत अनेकदा दोन तुकड्यांत असते: इतके रुपये अधिक इतके युरो किंवा डॉलर. या परकीय भागाचे रुपये कोणत्या दिवसाच्या आणि कोणाच्या दराने करायचे, हे कंपनी ठरवते, आणि तो दर मध्यदराहून वर असतो. माणशी दोन हजार युरो धरले आणि दर तीन रुपयांनी चढा असला, तर चौघांच्या कुटुंबाला चोवीस हजार जास्त पडले. सहल ठरवताना ‘तुमचा दर कोणता, आणि त्या दिवशीच्या मध्यदरावर किती?’ असं लेखी विचारावं. सवलतीच्या कूपनापेक्षा या उत्तरात जास्त पैसे दडलेले असतात.

काही रकमा मात्र टाळता येत नाहीत, त्यांच्याबद्दल दुकानदाराशी भांडून उपयोग नाही. चलनाच्या व्यवहारावर जीएसटी लागतो, पण तो संपूर्ण रकमेवर नसून कायद्याने ठरवलेल्या छोट्या हिश्शावर: एक लाखापर्यंत रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, त्यापुढच्या रकमेवर हा हिस्सा आणखी लहान. म्हणजे लाखाला १८० रुपये, दोन लाखांना २७०. कोणी जीएसटीच्या नावाखाली हजारो मागत असेल तर त्याला हिशेब मांडायला सांगावा. दुसरी रक्कम टीसीएसची, म्हणजे व्यवहाराच्या वेळीच गोळा होणाऱ्या कराची. उदारीकृत योजनेखाली एका आर्थिक वर्षात दहा लाखांहून जास्त रक्कम बाहेर गेली की वरच्या भागावर तो कापला जातो. ही मर्यादा एप्रिल २०२५पर्यंत सात लाख होती. सहलींच्या पॅकेजला वेगळे दर आहेत आणि ते अर्थसंकल्पांत बदलत आले आहेत, तेव्हा पैसे भरण्याआधी त्या वर्षीचा दर पाहून घ्यावा. पण टीसीएस म्हणजे शुल्क नव्हे. प्राप्तिकर विवरणपत्रात तो वळता होतो किंवा परत मिळतो. टीसीएस चुकवण्यासाठी परवाना नसलेल्या माणसाकडून कमी भावात, पावतीशिवाय डॉलर घेण्याचा सल्ला देणारे भेटतात. भाव चांगला असला तरी बनावट नोट निघाली तर दाद कोणाकडे मागणार, आणि हा व्यवहार ‘फेमा’चं उल्लंघन आहे ते वेगळंच. रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या विनिमयदारांची यादी तिच्या संकेतस्थळावर आहे. रोख रुपये देऊन पन्नास हजारांपर्यंतचंच चलन घेता येतं, त्यापुढची रक्कम बँकेतून वळती करावी लागते, आणि एका प्रवासाला सर्वसाधारणपणे तीन हजार डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, बाकी कार्डावर.

यूपीआयने चित्र हळूहळू बदलतं आहे. भूतानमध्ये २०२१ साली सुरुवात झाली, फेब्रुवारी २०२४मध्ये श्रीलंका, मॉरिशस आणि पॅरिसचा आयफेल टॉवर इथे ते पोहोचलं. रिझर्व्ह बँकेने २०१९मध्ये सुरू केलेल्या ‘एफएक्स-रिटेल’ मंचावर तर सामान्य ग्राहकालाही बाजारभावाने डॉलर घेता येतात आणि बँकेचं शुल्क वेगळं, आधी ठरलेलं आणि डोळ्यांसमोर असतं. ही दिशा बरोबर आहे. पण नवं साधन म्हणजे आपोआप स्वस्त, असं समजू नये. यूपीआयने परदेशात पैसे दिले तरी रूपांतराचा दर कोणीतरी लावतोच, आणि पडद्यावर दिसणारी रुपयांची रक्कम मध्यदराशी ताडून पाहायला तेवढेच दहा सेकंद लागतात.

परत आल्यावर खिशात उरलेल्या नोटांचंही पाहावं. नव्वदच्या मध्यदरावर तीन टक्के चढवून घेतलेला डॉलर तीन टक्के पाडून विकला, तर ९२.७० रुपयांचे ८७.३० होतात, लाखाचे चौऱ्याण्णव हजार. नाण्यांना तर दुकानदार हात लावत नाही, ती विमानतळावरच्या चहा-कॉफीत संपवावीत. नियमाने दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा घरी ठेवता येतात, त्याहून जास्त असतील तर आल्यापासून १८० दिवसांत विकाव्या लागतात. तेव्हा वर्ष-दोन वर्षांत पुन्हा कुठे जायचा बेत असेल, तर उरलेले डॉलर-युरो विकायची घाई करू नका.